रोपवाटिका आणि रेडिओतरंग : उच्च कंप्रता अभियांत्रिकीतील विज्ञानलेखनाचे चर्चासत्र

१. प्रास्ताविक

'विज्ञानलेखन' या संज्ञेचा मराठीत बहुधा एकच अर्थ घेतला जातो. विज्ञानातील माहिती सामान्य वाचकाला सुबोध करून सांगणारे लेखन, हा तो अर्थ होय. वैज्ञानिक आणि अभियंते परस्परांसाठी जे लेखन करतात, त्याकडे साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. ते लेखन इंग्रजीत होते, हे याचे एक कारण. त्या लेखनात भाषेला विशेष काम नसते, तेथे आकडे आणि आलेखच बोलतात, असा समज हे दुसरे कारण. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या समजाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी जर्मन तंत्र विद्यापीठांतील एक अध्यापनप्रकार विचारात घेतला आहे. तेथे उच्च कंप्रता अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शास्त्रीय लेखन आणि सादरीकरण यांचे स्वतंत्र चर्चासत्र योजलेले असते. 'कंप्रता' म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. रेडिओ, रडार, भ्रमणध्वनी, उपग्रह संदेशवहन आणि रेडिओ खगोलशास्त्र ही सर्व या अभियांत्रिकीची क्षेत्रे आहेत. ज्यांना यंत्रे घडवावयाची आहेत, त्यांना एक संपूर्ण सत्र वाक्ये घडविण्यासाठी का द्यावे लागते, हा या लेखातील मूळ प्रश्न आहे.

२. भाषाभ्यासाच्या घरातून आलेली पद्धत

'सेमिनार' हा शब्द लॅटिन 'सेमिनारियम' या शब्दापासून आला आहे. बी पेरून रोपे वाढविण्याची जागा, म्हणजेच रोपवाटिका, असा त्याचा अर्थ. विद्यापीठीय अध्यापनाचा एक प्रकार म्हणून त्याची प्रतिष्ठापना जर्मनीत झाली, आणि ती विज्ञानात न होता भाषाभ्यासात झाली, ही बाब साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ग्योटिंगेन येथे योहान माथियास गेसनर याने १७३७-३८ च्या सुमारास अभिजात भाषांचे सेमिनार चालविले. पुढे १७८७ मध्ये फ्रीडरिश ऑगुस्ट वोल्फ याने हाले येथे त्याच धर्तीचे सेमिनार स्थापिले. व्याख्यानात विद्यार्थी श्रोता असे, तर सेमिनारमध्ये तो कर्ता होई. ग्रीक किंवा लॅटिन संहितेतील एखादा संदिग्ध पाठ घ्यावा, त्यावर लेखी निबंध करावा, तो सहाध्यायांसमोर वाचावा आणि आक्षेपांना पुराव्यानिशी उत्तर द्यावे, अशी ही रीत होती.

ही रीत विज्ञानात गेली ती प्रामुख्याने क्योनिग्जबर्ग येथून. तेथे १८३४ मध्ये गणितज्ञ याकोबी आणि भौतिकीविद फ्रान्झ नॉयमान यांनी गणित-भौतिकी सेमिनार सुरू केले. नॉयमानचा भर अचूक मोजमापावर आणि त्या मोजमापातील त्रुटींचा हिशेब मांडण्यावर होता. या सेमिनारचा एक विद्यार्थी गुस्टाव किरखोफ. विद्युत मंडलाविषयीचे त्याचे जे नियम आज प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात शिकविले जातात, ते त्याने १८४५ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, विद्यार्थी असतानाच मांडले. सेमिनारमधील अभ्यासातूनच ते निघाले होते. विद्युत अभियांत्रिकीचा पाया ठरलेला विचार अशा रीतीने एका विद्यार्थिनिबंधाच्या रूपाने जगापुढे आला. आज जर्मनीतील तंत्र विद्यापीठांत जे लेखन-सादरीकरणाचे चर्चासत्र चालते, त्याची वंशावळ अशी भाषाभ्यासापर्यंत मागे नेता येते. संहितेच्या जागी तेथे मोजमाप आले. पुराव्याची अट मात्र तीच राहिली.

३. विषयाचा स्वभाव

लेखनाची निकड प्रत्येक शास्त्रात असते. उच्च कंप्रता अभियांत्रिकीत ती विशेष तीव्र का, हे समजण्यासाठी या विषयाचा स्वभाव थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भारतात आणि युरोपात घरोघरी येणाऱ्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ असते. तिची तरंगलांबी सुमारे ६,००० किलोमीटर भरते. घरातील चार-पाच मीटर तार त्या मानाने नगण्य होय. म्हणून तारेची लांबी किती, ती कशी वळवली आहे, याची नोंद कोणी ठेवत नाही. कंप्रता वाढत गेली की चित्र पालटते. एक गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० सेंटिमीटर होते, ३० गिगाहर्ट्झला एक सेंटिमीटर, आणि मोटारींतील ७७ गिगाहर्ट्झच्या रडारला चार मिलिमीटरहूनही किंचित कमी. अशा ठिकाणी एक सेंटिमीटर तार ही केवळ जोडणी राहत नाही. ती स्वतःच मंडलाचा एक घटक बनते. जोडखिळा किती घट्ट आवळला, केबल कोठे वाकली, टेबलाचा पत्रा किती अंतरावर होता, या सर्व गोष्टी उत्तरात उतरतात.

याचा अर्थ असा, की या क्षेत्रात 'किती भरले' हे सांगणे पुरेसे नसते. कोठून कोठवर मोजले, उपकरणाचे अंशशोधन कशाच्या आधारे केले, त्या वेळी आजूबाजूला काय होते, हे सांगितल्याविना आकड्याला अर्थच येत नाही. मोजली जाणारी वस्तू डोळ्यांना दिसत नाही. वाचक प्रयोगशाळेत उपस्थित नसतो. त्याच्या हाती केवळ लेख असतो. परिस्थितीची ही सर्व माहिती वाक्यांतूनच त्याच्यापर्यंत पोहोचते. आकडा आणि वाक्य यांचे नाते येथे साक्ष आणि साक्षीदार यांच्यासारखे आहे; साक्षीदार कोठे उभा होता हे ठाऊक नसेल, तर साक्षीचे मोल ठरविता येत नाही.

४. लेखनाचे शिक्षण

अशा चर्चासत्राची बांधणी विद्यापीठागणिक थोडी बदलते. तथापि तिचा सांगाडा सर्वत्र जवळजवळ सारखा आढळतो. सत्रारंभी विषयांची यादी दिली जाते आणि प्रत्येक विद्यार्थी एक विषय निवडतो. त्यास एक मार्गदर्शक लाभतो, तो बहुधा त्याच विभागातील संशोधक असतो. पहिल्या काही आठवड्यांत साहित्यशोध कसा करावा, संदर्भ कसे द्यावेत, लेखाची रचना कशी असावी, यांवर व्याख्याने होतात. नंतर विद्यार्थी चार-सहा पानांचा लेख सिद्ध करतो. तो लेख बहुधा या व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रूढ केलेल्या दोन स्तंभांच्या साच्यात आणि चौकटी कंसांतील क्रमांकित संदर्भांसह लिहिलेला असतो. अनेक ठिकाणी विद्यार्थी परस्परांच्या लेखांचे परीक्षण करतात. परीक्षणानुसार लेख सुधारला जातो आणि सत्राच्या अखेरीस प्रत्येकाचे भाषण होते. पुस्तकी परीक्षा नसते. लेख, परीक्षण, भाषण आणि चर्चेतील सहभाग यांवरच गुण ठरतात.

लेखाचे शास्त्रीय विभाग सर्वपरिचित आहेत : प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. ही विभागणी वरवर यांत्रिक वाटते. पण तिच्यामागे नैतिक आग्रह आहे. जे मोजले ते निष्पत्तीत जावे आणि त्यावरून जे वाटले ते चर्चेत जावे. या दोहोंमधील भिंत लेखकानेच बांधावयाची असते, कारण वाचकाला ती बांधता येत नाही. त्याचप्रमाणे संगणकावरील अनुकरणातून आलेली रेषा आणि प्रत्यक्ष मापनातून आलेली रेषा आलेखात वेगळी दिसलीच पाहिजे. या क्षेत्रातील लेखांत 'मापन आणि अनुकरण चांगले जुळते' हे वाक्य अतिपरिचयाने गुळगुळीत झाले आहे. जाणता मार्गदर्शक त्या वाक्याखाली रेघ ओढून एवढेच विचारतो : किती डेसिबेलच्या आत, आणि कोणत्या कंप्रतेपासून कोणत्या कंप्रतेपर्यंत? या प्रश्नाचे उत्तर देताच विशेषण गळून पडते आणि विधान उभे राहते.

डेसिबेल हे मान स्वतःच भाषाशुद्धीचा उत्तम धडा ठरते. डेसिबेल ही दोन राशींची तुलना आहे. दहा डेसिबेल म्हणजे शक्तीची दहापट, तीन डेसिबेल म्हणजे जवळजवळ दुप्पट. कशाच्या दहापट, हे सांगावयास हवे. एक मिलिवॉट हा आधार धरला तर एककाला 'एम' हे अक्षर जोडून 'डीबीएम' असे लिहितात. अँटेनाची लब्धी सांगताना सर्व दिशांना समान प्रारण करणारी काल्पनिक अँटेना आधार असेल तर 'डीबीआय', आणि अर्धतरंग द्विध्रुव अँटेना आधार असेल तर 'डीबीडी' असे लिहावे लागते. या दोन मानांत २.१५ डेसिबेलचा फरक आहे, म्हणजे शक्तीत सुमारे १.६४ पटीचा. एक अक्षर गळाले की तीच अँटेना कागदावर दीडपटीहून अधिक चांगली किंवा वाईट ठरते. विक्रीच्या पत्रकात अशी गफलत सोयीची असू शकेल. शास्त्रीय लेखात ती चूकच ठरते. व्याकरणात विभक्तिप्रत्ययाला जे स्थान आहे, तेच येथे एककाच्या या शेवटच्या अक्षराला आहे. शब्दांचा परस्परसंबंध प्रत्ययावाचून कळत नाही, आकड्याचा संबंध आधारावाचून कळत नाही.

संदर्भ देण्याचा धडाही असाच मूलगामी असतो. चौकटी कंसातील क्रमांक ही केवळ शिष्टाचाराची खूण आहे असे विद्यार्थ्याला आरंभी वाटते. हळूहळू त्याच्या ध्यानात येते, की प्रत्येक क्रमांक हा एक सीमास्तंभ आहे; येथपर्यंत दुसऱ्याचे, येथून पुढे माझे. जर्मन संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये सद्वर्तनी संशोधनासंबंधी ज्या शिफारशी केल्या, त्यांत मूळ नोंदी दहा वर्षे जपून ठेवण्याची शिफारस होती. लेखाच्या पाठीमागे नोंदवही उभी असली पाहिजे, हा तिचा आशय.

५. तीन उदाहरणे

या शिस्तीचे मोल नियमांतून जेवढे कळते त्याहून अधिक उदाहरणांतून कळते. पहिले उदाहरण या शास्त्राच्या जनकाचेच आहे. हाइनरिश हर्ट्झ १८८५ मध्ये कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाला आणि पुढील तीन-चार वर्षांत त्याने विद्युत्चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने दाखविले. १८८८ मधील लेखात तो आपल्या व्याख्यानगृहाचे वर्णन करतो. सुमारे १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद, ६ मीटर उंच. आत लोखंडी खांबांच्या दोन रांगा. गॅसच्या नळ्यांचे लोंबते भाग आणि झुंबरे काढून टाकलेली. सिद्धांतात क्रांती घडविणाऱ्या लेखात झुंबरांचे काय काम, असा प्रश्न साहित्याच्या वाचकाला पडावा. त्याचे उत्तर लवकरच मिळाले. हर्ट्झच्या मापनात तारेतील तरंगांचा वेग आणि हवेतील तरंगांचा वेग वेगवेगळे आले होते. सिद्धांतानुसार ते समान यावयास हवे होते. शिवाय त्याच्या गणितातील एक चूक पॅरिसच्या आंरी प्वांकारे याने दाखवून दिली. पुढे जिनीव्हा येथे सारासँ आणि द ला रीव्ह यांनी अधिक मोठ्या दालनात तोच प्रयोग केला आणि १८९३ मध्ये दोन्ही वेग समान असल्याचे दाखविले. दालनाच्या भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनाने मूळ मापन बिघडविले होते.

हर्ट्झने १८९२ मध्ये आपले लेख ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला ते दुरुस्त करून छापणे सहज शक्य होते. त्याने मूळ लेख तसेच ठेवले, अखेरीस टिपा जोडल्या आणि प्रस्तावनेत आपल्या चुकांची चर्चा केली. त्याची चूक इतरांना शोधता आली, कारण दालनाची मापे त्याने लिहून ठेवली होती. लेखनाची खरी कसोटी येथे दिसते. लेखकाचे चुकले तरी वाचकाला ती चूक शोधता यावी, इतके लेखन पूर्ण असावे लागते.

दुसरे उदाहरण संयमाचे आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे एका शिंगाकार अँटेनाने आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी मोजत होते. कोठल्याही दिशेला अँटेना वळविली तरी एक अल्पसा जादा गोंगाट उरत होता. त्यांनी जोड तपासले, अँटेनात घरटे केलेल्या कबुतरांची विष्ठाही साफ केली; गोंगाट गेला नाही. १९६५ मध्ये त्यांनी यावर एक अगदी छोटा लेख प्रसिद्ध केला. ४०८० मेगासायकल कंप्रतेवरील जादा अँटेना-तापमानाचे मापन, एवढाच त्याच्या शीर्षकाचा आशय. विश्वाच्या उत्पत्तीचा उल्लेख शीर्षकात नाही. संभाव्य स्पष्टीकरणासाठी त्यांनी त्याच अंकातील दुसऱ्या गटाच्या लेखाकडे बोट दाखविले. जादा तापमान त्यांनी ३.५ केल्विन सांगितले आणि त्यापुढे 'अधिक-उणे एक' असे लिहिले. आज स्वीकृत मूल्य सुमारे २.७ केल्विन आहे. त्यांचा आकडा त्याहून बराच दूर आहे. त्यांचे विधान मात्र आजही खरे आहे, कारण अधिक-उणेच्या मर्यादेत २.७ बसते. १९७८ चे नोबेल पारितोषिक ज्या शोधाला मिळाला, त्याचा लेख इतका मितभाषी होता.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. शेजारच्या अर्धवाहक क्षेत्रात यान हेंड्रिक श्योन या तरुण जर्मन भौतिकीविदाचे लेख २००० नंतर जगप्रसिद्ध नियतकालिकांतून एकामागून एक येत होते. २००२ मध्ये काही वाचकांच्या लक्षात आले, की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत गोंगाटाची वळणेही तंतोतंत तीच आहेत. यदृच्छेने होणारा गोंगाट दोनदा हुबेहूब येत नाही. चौकशी समितीने त्याच वर्षी बनावट आकडेवारीचा ठपका ठेवला. नीट ठेवलेल्या नोंदवह्या आणि मूळ आकडेवारी त्याला सादर करता आली नाही. २००४ मध्ये कोन्स्टान्स विद्यापीठाने त्याची डॉक्टरेट काढून घेतली. ज्याला अभियंता नको असलेला भाग समजतो, त्या गोंगाटानेच येथे साक्ष दिली. आलेख गुळगुळीत करून मांडू नये, हा चर्चासत्रातला आग्रह अशा घटनांमुळे पटतो.

६. सादरीकरणाची कला

लेख वाचक आपल्या गतीने वाचतो, मागे जातो, पुन्हा पाहतो. श्रोत्याला ती सवड नसते. म्हणून लेख आणि भाषण या दोन वेगळ्या रचना आहेत, हे चर्चासत्रात प्रथम बिंबविले जाते. भाषणास पंधरा-वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात संपूर्ण लेख सांगू पाहणारा विद्यार्थी काहीच सांगू शकत नाही. एक प्रश्न, त्याचे उत्तर शोधण्याची एक रीत आणि एक निष्पत्ती एवढे श्रोत्याच्या पदरात पडले, तर भाषण साधले असे मानतात. पडद्यावरील आलेखाचे अक्ष आधी समजावून सांगावेत, मगच रेषेविषयी बोलावे. पडद्यावर लिहिलेले वाक्य वाचून दाखवू नये. प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. या सूचना साध्या आहेत, पण घामाघूम झालेल्या विद्यार्थ्याला शेवटची सूचनाच सर्वांत कठीण जाते.

याही कलेची परंपरा आहे. २० सप्टेंबर १८८९ रोजी हर्ट्झने हायडेलबर्ग येथे निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्य यांच्या संमेलनात प्रकाश आणि विद्युत यांच्या परस्परसंबंधांवर भाषण दिले. श्रोत्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर होते. समीकरणांच्या आश्रयाला न जाता त्याला आपले म्हणणे पोहोचवावे लागले.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण जगदीशचंद्र बसू यांचे आहे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी १८९० च्या दशकात स्वतः घडविलेल्या उपकरणांनी अवघ्या पाच मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबीवर, म्हणजे आजच्या मापाने ६० गिगाहर्ट्झच्या आसपास, प्रयोग केले. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील शुक्रवारच्या सायंव्याख्यानात त्यांनी हे काम मांडले. तरंगांचे ध्रुवण दाखविण्यासाठी त्यांनी वापरलेल्या साधनांत एक पुस्तक होते : ब्रॅडशॉचे आगगाडीचे वेळापत्रक, पानापानांत कथिलाचे पातळ पत्रे घातलेले. प्रवाशाच्या हातातील वस्तू अदृश्य तरंगांची चाळणी होऊ शकते, हे ज्या साधनाने पटते, ते साधन उत्तम सादरीकरणाचा नमुना होय. त्याच बसूंनी हा विषय बंगालीतही मांडला. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अव्यक्त' या त्यांच्या बंगाली निबंधसंग्रहात अदृश्य प्रकाशावरील निबंध आहे. लंडनच्या विद्वानांसमोर इंग्रजीत आणि आपल्या लोकांसमोर बंगालीत, अशा दोन सभांना ते उत्तरदायी राहिले.

७. भाषेचा प्रश्न

बसूंच्या या दुहेरी उत्तरदायित्वातून भाषेचा प्रश्न पुढे येतो. हर्ट्झने आपले युगप्रवर्तक लेख जर्मनमध्ये लिहिले. इंग्रजी वाचकाला त्यांच्या ग्रंथरूपासाठी १८९३ मधील भाषांतराची वाट पाहावी लागली. आज त्याच देशात उच्च कंप्रता अभियांत्रिकीचे चर्चासत्र अनेक ठिकाणी इंग्रजीत चालते किंवा लेखाची भाषा निवडण्याची मुभा देते. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०१४ मध्ये बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, तेव्हा जर्मनीत त्यावर वाद झाला. जर्मन ही ज्ञानभाषा राहावी यासाठी काम करणारे अभ्यासकांचे मंडळ तत्पूर्वी, २००७ मध्येच, स्थापन झाले होते. संशोधकाला जगाशी बोलावयाचे असेल तर इंग्रजी अपरिहार्य आहे, हे कोणी नाकारत नाही. विचार ज्या भाषेत अंकुरतो त्या भाषेत तो अखेरपर्यंत वाढला नाही, तर समाज आणि शास्त्र यांच्यातील दुवा तुटतो, ही चिंता आहे. दीर्घ शास्त्रपरंपरा असलेल्या भाषेला ही चिंता वाटते, तर मराठीने ती किती करावी, हे सांगावयास नको.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. उच्च कंप्रता तंत्राचे हे जागतिक दर्जाचे केंद्र ऊस आणि द्राक्षे पिकविणाऱ्या मराठी गावांच्या शिवारात आहे. तेथील शास्त्र इंग्रजीत लिहिले जाते, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या शास्त्राविषयी काटेकोरपणे बोलण्याची सोय मराठीत आहे काय, हा प्रश्न उरतो. मराठी विश्वकोशाने 'कंप्रता' हा शब्द योजला आणि त्यापुढे वारंवार कंसात खुलासा दिला. शालेय पाठ्यपुस्तकांनी 'वारंवारता' रूढ केली. दोन्ही शब्द चांगले आहेत. मात्र एका लेखात एकाच राशीसाठी दोन शब्द आले, तर वाचक दोन राशी शोधू लागतो. ललित लेखनात पुनरुक्ती टाळणे हा गुण मानला जातो. शास्त्रीय लेखनात तोच शब्द पुन्हा योजणे हा गुण ठरतो. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांनी विज्ञानप्रसाराचे मोठे काम केले. त्याच्या जोडीला आता शास्त्रीय युक्तिवादाच्या मराठीचाही अभ्यास व्हावयास हवा.

या अभ्यासासाठी मराठीची सामग्री तोकडी नाही. खात्रीच्या पायऱ्या दाखविण्याची सोय मराठी क्रियापदांत उपजत आहे. 'लब्धी बारा डीबीआय आहे', 'बारा असल्याचे मापनात दिसते', 'बारा असावी', 'बारा असू शकेल' ही चार विधाने चार वेगळ्या जबाबदाऱ्या घेतात. अनुकरण, मापन आणि अनुमान यांतील भेद या रूपांनी नेमका दाखविता येतो. याउलट 'असे आढळून येते' हा संशोधनपर मराठीतील लाडका प्रयोग तपासून पाहण्यासारखा आहे. कोणाला आढळले, कोठे, किती उदाहरणांत? अभियांत्रिकीच्या लेखातही कर्मणी प्रयोग चालतो, कारण तेथे पद्धतीचा विभाग कर्त्याची सर्व कृत्ये आधीच उघड करतो. ज्या निबंधात पद्धती सांगितलेलीच नाही, तेथे कर्ता दडविणारा प्रयोग जबाबदारीही दडवितो. साहित्यसंशोधनाला हा आरसा हर्ट्झच्या व्याख्यानगृहातून मिळतो.

८. समारोप

मराठी विद्यापीठीय जीवनात 'चर्चासत्र' हा शब्द आता मुख्यतः एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी वापरला जातो. उद्घाटन, बीजभाषण, निबंधवाचनाची सत्रे, समारोप आणि प्रमाणपत्र असा त्याचा क्रम असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत निबंधवाचनाला गुण मिळू लागल्यावर अशा कार्यक्रमांना आणखी एक प्रयोजन लाभले. त्यांतून भेटीगाठी होतात, काही चांगले निबंधही येतात. परंतु बारा-पंधरा आठवडे एकाच विषयावर राहणे, लिहिलेले दुसऱ्याकडून तपासून घेणे, पुन्हा लिहिणे आणि मग बोलणे ही मूळ प्रक्रिया तेथे होत नाही. पाच मिनिटांत निबंध आटोपता घेण्याची सूचना अध्यक्षांकडून आली, की शंकेला जागाच उरत नाही. कार्यक्रमात बीजभाषण असते. पण बी रुजविणारी रोपवाटिका नसते.

भाषाभ्यासातून निघालेली एक पद्धत विज्ञानात गेली आणि तेथे अधिक कठोर होऊन टिकली. रडारची अँटेना घडविणाऱ्या विद्यार्थ्याला एका अक्षराची, एका अधिक-उणे चिन्हाची आणि एका कंसातील क्रमांकाची जबाबदारी ती शिकविते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गातही एका सत्रात एक विषय, एक छोटा लेख, सहाध्यायाने केलेले एक लेखी परीक्षण आणि वीस मिनिटांचे एक भाषण एवढे योजता येईल. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही. आपण जेथे उभे राहून पाहिले ती जागा नोंदवून ठेवण्याची सवय मात्र लागते. हर्ट्झने काढून ठेवलेली झुंबरे त्याच्या लेखात आहेत, म्हणूनच त्याचा लेख आजही तपासता येतो.